नवव्या ओळीतला खोकला

मिलिमीटरच्या घरात कुठलाही मोठा निर्णय तोंडाने होत नसे, कागदावर होत असे. ही शिस्त वडिलांची. चढलेले आवाज त्यांना सहन होत नसत, म्हणून त्यांनी कायमचं ठरवून टाकलं होतं की प्रश्न पडला की एक कोरा कागद घ्यायचा, मधोमध रेघ मारायची, दोन बाजूंना दोन पर्याय लिहायचे आणि तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर दहा दिवस चिकटवून ठेवायचा. ज्याला जे कारण सुचेल त्याने ते आपापल्या वेळेला लिहावं. कागद लागलेला असेपर्यंत त्या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, आणि एकदा लिहिलेलं खोडायचं नाही. आई आधी गेली, मग वडील गेले, घरात मिलिमीटर आणि त्याची ताई अशी दोघंच उरली; पण कपाटाचं दार आणि नियम दोन्ही जागच्या जागी राहिले. फ्रिज कुठल्या भिंतीला लावायचा यावर एकदा बावीस ओळी झाल्या होत्या.

मिलिमीटर हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. इमारतींचे आराखडे काढणाऱ्या एका ऑफिसात तो आराखडे तपासायला होता. इतरांनी काढलेल्या जिन्यांमधून, खिडक्यांमधून तो लाल ठिपके करत फिरायचा. एका जिन्याची सातवी पायरी बाकीच्यांपेक्षा तीन मिलिमीटर उंच असल्याचं त्याने जाहीर केलं, त्या दिवशी ऑफिसने त्याचं नव्याने बारसं केलं. वय एकोणतीस. घरी ताई त्याला ‘बाळ’ म्हणायची. त्यात मात्र कुणाला काही चूक सापडली नव्हती.

सध्या कपाटावर जो कागद होता, त्याच्या डाव्या बाजूला ‘शहर’ आणि उजव्या बाजूला ‘समुद्र’ असं लिहिलेलं होतं.

झालं होतं असं, की महिन्याभरापूर्वी ऑफिसने त्याला किनाऱ्यावरच्या उपनगरात एका जुन्या गोदामाची भिंत मोजायला पाठवलं. बसचा शेवटचा थांबा, सव्वा तासाचा रस्ता. भिंतीची वरची कड नीट दिसेना, म्हणून शेजारच्या घराच्या मालकीणबाईंनी त्याला आपल्या वरच्या रिकाम्या खोलीत नेलं. बाहेरून लोखंडी जिना, आत एक खोली, छोटं स्वयंपाकघर आणि समुद्राकडे उघडणारी एक मोठी खिडकी. भिंत मोजून झाल्यावरही मिलिमीटर तिथे अकरा मिनिटं उभा राहिला. त्या अकरा मिनिटांत त्याला कुणीही काहीही विचारलं नाही. जेवलास का, स्वेटर घेतलास का, कुणाचा फोन होता, चेहरा का उतरलाय, यातलं काहीच नाही. खोली भाड्याने द्यायची आहे, असं बाई खाली उतरताना म्हणाल्या.

ताईवर त्याचा जीव होता, आणि अडचण नेमकी तीच होती. वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ती तेवीसची. तेव्हापासून तिने त्याच्या चपलांच्या मापापासून परीक्षेच्या फॉर्मपर्यंत सगळं बघितलं. ती एका शाळेत भूगोल शिकवायची आणि शाळेचं वेळापत्रकही तीच बनवायची. घराचंही वेळापत्रक तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, आणि त्यात प्रत्येक चौकटीत बाळ होता. अशा माणसाला ‘मला एकट्याने राहायचंय’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने आपलं एवढंच सांगितलं, की ऑफिसातली तरुण मंडळी हल्ली तिकडे राहायला जातायत, जागा मोठी मिळते, त्या गोदामाशेजारी एक खोली रिकामी आहे, मीही बघू का. ताईने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “कागद लावू.”

तिसऱ्या दिवसापर्यंत शहराच्या बाजूला नऊ कारणं झाली. ऑफिस चालत चौदा मिनिटं. दवाखाना कोपऱ्यावर. पाणी चोवीस तास. शेवटची ओळ ताईच्या लाल शाईत होती: ‘बाळला रोज बसमध्ये ताटकळावं लागणार नाही.’ समुद्राच्या बाजूला मिलिमीटरने आठ जमवली होती. उजेड, शांतता, मोठी खिडकी, असं करत करत तो ‘मासिकं ठेवायला जागा’पर्यंत येऊन पोचला होता. नववं काही सुचेना.

दुसरा कुणी असता तर आठावर थांबला असता. पण नऊ आणि आठ अशा असमान रांगा डोळ्यांसमोर ठेवून झोपणं हे मिलिमीटरच्या स्वभावात बसत नव्हतं. खरं नववं कारण तयारच होतं. ते लिहिता येत नव्हतं, एवढंच. कारण लिहिलेलं खोडायचं नाही, आणि ते वाचल्यावर ताईचा चेहरा कसा होईल, हे त्याला न वाचताच दिसत होतं. तेव्हा त्याने संध्याकाळी पेन उचललं आणि रांग पूर्ण करायला म्हणून लिहून टाकलं: ‘खोकला. समुद्राच्या हवेने बरा होईल.’

खोकला त्याला झालाच नव्हता, असं नाही. मागच्या हिवाळ्यात दीड दिवस झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर उशाशी गरम पाण्याचा थर्मास आणि घडी घातलेला मफलर. ताई काही बोलली नाही. कागद लागलेला होता. फक्त नवव्या ओळीखाली लाल शाईत एक प्रश्न उमटला होता: ‘किती दिवसांपासून?’ आता खरं लिहावं तर नववी ओळ पोकळ ठरते, आणि खोटं लिहायला त्याचा हात धजेना. बराच विचार करून त्याने कुठेच न अडकणारा शब्द निवडला: ‘अधूनमधून.’ काळजी करणाऱ्या माणसाला याहून वाईट शब्द सापडणं कठीण आहे.

संध्याकाळी मामा आले. मामा निवृत्त कंपाउंडर. चाळीस वर्षं एका इस्पितळाच्या खिडकीतून त्यांनी बाटल्या दिल्या होत्या, आणि त्या काळात डॉक्टरांवरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता. त्यांनी मिलिमीटरला पाठमोरं बसवलं, पाठीला कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

“काहीच आवाज नाही,” ते शेवटी गंभीरपणे म्हणाले.

“म्हणजे बरंय ना?” मिलिमीटरने विचारलं.

“हेच वाईट. आवाज करणारा खोकला बाहेर पडतो. हा आत बसलाय.”

त्यांनी पिशवीतून एक तपकिरी बाटली काढली आणि दिवसातून तीन चमचे असा हुकूम सोडला. औषध इतकं कडू होतं की पहिला चमचा घेताच मिलिमीटरला खराखुरा ठसका लागला. मामांनी ताईकडे बघून मान हलवली, आणि ताईने पदर डोळ्यांना लावला. ऑफिसातल्या जुन्या आराखड्यांच्या गुंडाळ्यांची धूळ, असं निदान मामांनी जाताजाता केलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ताईने थेट ऑफिसात फोन लावला.

मिलिमीटरचे साहेब अतिशय कनवाळू होते आणि त्याबद्दल सगळं ऑफिस त्यांना घाबरून असे. त्यांनी मिलिमीटरचं टेबल आराखड्यांच्या कपाटाजवळून उचलून उघड्या खिडकीशी नेलं. त्याच्या आसपास कुणी पेन्सिल तासायची नाही, असं सांगून ठेवलं. आणि ज्या वाचनालयाच्या इमारतीचं काम त्याला मिळणार म्हणून तो वर्षभर वाट बघत होता, ते काम त्यांनी हळुवारपणे दुसऱ्याकडे सोपवलं. छातीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मग बघू. प्रकृती आधी, असं ते म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मिलिमीटरने आभार मानले. दुसरं काय करणार?

आता त्याची खरी पंचाईत सुरू झाली. अख्खं ऑफिस त्याच्या खोकल्यासाठी थांबलेलं. कुणी जोरात बोलत नव्हतं, जो तो कानोसा घेत होता. इतक्या लोकांनी इतकी काळजी घ्यावी आणि आपण साधं खोकूही नये, हे त्याला कृतघ्नपणाचं वाटायला लागलं. म्हणून तो खोकायला लागला. पण मूळचा स्वभाव जाणार कुठे? सकाळी अकराला, दुपारी दोनला आणि साडेचारला, प्रत्येक वेळी चार ठसके. शेजारच्या टेबलावरच्या बाई पुढेपुढे साडेचारच्या खोकल्यावर चहा घ्यायला उठू लागल्या. चार दिवसांत या सरावाने त्याचा घसा सुजला, आवाज बसला आणि घरी ताईची उरलीसुरली शंकाही फिटली.

सोमवारी सकाळी पाण्याचा पेला हातात घेऊन तो कपाटापाशी गेला, तर समुद्राच्या बाजूला लाल शाईत दहावी ओळ होती. ‘मीही येते. बाळला अशा तब्येतीत एकटं ठेवता येणार नाही. तिकडे आमच्याच संस्थेची शाळा आहे, भूगोलाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. आज बदलीचा अर्ज देते.’

आयुष्यात पहिल्यांदा त्याने वडिलांचा नियम मोडला.

“ताई, कागद असताना बोलू नये हे मला माहितेय, पण...”

“मग बोलू नकोस,” ताई म्हणाली आणि त्याच्या हातात चमचा दिला.

तोंड बंद झालं, तेव्हा त्याने पेनाचा आश्रय घेतला. गेला आठवडाभर ज्या शहरातून पळायची त्याने तयारी केली होती, त्या शहराच्या बाजूने त्याने एका दमात तीन कारणं लिहिली. तिसरं होतं: ‘खोकला जवळपास बरा झाला आहे.’ संध्याकाळपर्यंत त्याखाली लाल उत्तर आलं. ‘आवाज बसलाय. लिहून फसवू नये.’ दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो ऑफिसातून यायच्या आत बदली मंजूर होऊन आली. शेवटच्या थांब्यावर जायला कुणी तयार होत नसे, त्यामुळे संस्थेने विचार करायला वेळच घेतला नाही, आणि ताईच्या इथल्या जागेवर लगेच दुसऱ्या बाईंना नेमूनही टाकलं. ताईने कागद काढून घडी करून ठेवला. निर्णय झालेला होता. तीच खोली, तीच खिडकी, आणि खिडकीपाशी हातात मफलर घेऊन उभी असलेली ताई, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे दिसायला लागलं आणि त्याला जेवण गेलं नाही. जेवण गेलं नाही म्हणून ताईने डॉक्टरांची वेळ दुसऱ्याच दिवसाची घेतली.

छातीचे डॉक्टर कमी बोलणारे, वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी ताईला बाहेर बसायला सांगितलं, एक्स-रे उजेडात धरून बघितला, घशात बॅटरी मारली आणि मिलिमीटरला खोकायला सांगितलं. मिलिमीटरने चार ठसके दिले.

“पुन्हा.”

त्याने पुन्हा चार ठसके दिले.

“हा खोकला तुम्ही कुठे शिकलात?” डॉक्टरांनी विचारलं.

इतक्या शांतपणे विचारलं, की मिलिमीटरचा बांध फुटला. त्याने कागद, नववी ओळ, मामा, वाचनालय, साडेचारचा चहा असं सगळं सांगितलं, आणि शेवटी ती अकरा मिनिटंही सांगितली. हे तो कुणालातरी पहिल्यांदाच सांगत होता. महिनाभर डोक्यावर वागवलेलं ओझं सांगायला बसल्यावर एक्स-रेपेक्षाही कमी वेळात संपलं.

“हे बहिणीला सांगा,” डॉक्टर म्हणाले.

“ते सांगता आलं असतं तर खोकलो कशाला असतो?”

डॉक्टरांनी पेन हातात घेतलं. खोटं मी लिहिणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं. मग म्हणाले, की छाती ठणठणीत आहे, तेवढं ऑफिसला लिहून देतो. पण घसा आता खरोखरच सुजलाय, आणि अशा घशाला दमट हवा टाळा असं मी कुणालाही सांगतो. किती दिवस, ते लिहिलंच पाहिजे असं नाही. मिलिमीटरला कळलं, की या दोन ओळींनी सगळं जिथल्या तिथे जाईल. समुद्र जाईल, पण आपल्या एका पोकळ ओळीपायी ताईने अठरा वर्षांचं घर मोडायला नको. संस्थेला विनंती केली तर तिला परतही घेतील. त्याने कागद घेतला. खिडकी हातची गेली याचं त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली नाही.

बाहेरच्या बाकावर ताईने ते दोनदा वाचलं.

“म्हणजे तुला तिकडे राहता येणार नाही,” ती म्हणाली.

“नाही. आहोत तिथेच बरे आपण.”

आता तिचा जीव भांड्यात पडेल, म्हणून तो वाट बघत राहिला. ताईने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग तिचे डोळे भरून आले. हे आनंदाचे नाहीत, एवढं मिलिमीटरलाही कळलं.

“रविवारी मी तिकडे जाऊन आले,” ती म्हणाली. “मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. त्या बाईंनी वरची खोली दाखवली. मी खिडकीपाशी उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही. कुणाला काही विचारायचं नव्हतं, कुणाकडे लक्ष द्यायचं नव्हतं. बाळ, अठरा वर्षांत मी कधी अशी नुसती उभी राहिलेच नव्हते रे.”

ताई समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती.

“तुझा खोकला कळला तेव्हा आधी काळजीच वाटली. शप्पथ. पण खोली बघितल्यावर मनात आलं, बरं झालं, निमित्त मिळालं. भावाच्या दुखण्याचं निमित्त! बदलीचा अर्ज लिहिताना मला हसू येत होतं. कसली बहीण मी?”

मिलिमीटरच्या ओठांवर सगळं आलं होतं. मलाही तेच हवं होतं, मीही तिथेच उभा होतो, खोकला खोटा होता. तीन वाक्यांचं काम होतं. पण तो ताईला ओळखून होता. हे ऐकलं की त्याच क्षणी ती म्हणाली असती, मग तू जा, मी राहते. आणि ते खरोखर करून दाखवलं असतं. नव्या शाळेत नकार कळवला असता, खोलीत त्याचं सामान स्वतः लावून दिलं असतं, आणि परत येऊन पुढची अठरा वर्षं त्या खिडकीबद्दल अवाक्षर काढलं नसतं. आराखड्यांतल्या चुका शोधण्यात त्याची हयात जायची होती, पण आपल्याच घरात इतकी मोठी चूक इतकी वर्षं नजरेतून सुटलेली त्याला त्या बाकावर दिसली.

“डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय,” तो म्हणाला.

“मग मान हलव. मी एकटी गेले तर चालेल तुला?”

त्याने मान हलवली. ताईने त्याचा हात धरला आणि दवाखान्याच्या त्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, पोटभर रडून घेतलं. मिलिमीटरलाही रडू आलं. आपण समुद्रासाठी रडतोय की ताईसाठी, हे काही त्याला ठरवता येईना.

पंधरा दिवसांत ती गेली. सामान थोडंच नेलं. ऑफिसातलं टेबल पुन्हा कपाटाजवळ आलं, वाचनालय मात्र दुसऱ्याकडेच राहिलं. साडेचार वाजले की शेजारच्या बाई अजून काही दिवस त्याच्याकडे अपेक्षेने बघत असत.

महिन्याभराने एका रविवारी तो तिला भेटायला गेला. लोखंडी जिना चढताना त्याने कठडा हलवून बघितला. वर गेल्यावर खिडकीची कडी बघितली, गॅसची नळी बघितली. रात्री दार आतून नीट लागतं का, संध्याकाळी फिरायला एकटी जातेस का, वाळू ओली असते तर कोणत्या चपला घालतेस, असं त्याने एकामागून एक विचारायला सुरुवात केली. ताईने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिचा रंग उजळला होता. खोलीत खिडकीपाशी खुर्ची एकच होती. ती तिने त्याला दिली आणि आपण ट्रंकेवर बसली. दोघांनी चहा घेतला. समुद्र भरतीचा होता. मिलिमीटर त्या खुर्चीत मागे टेकला आणि गोदामाच्या भिंतीतला तडा वाढला आहे, मी येत्या रविवारी टेप घेऊन येतो, असं म्हणाला.

ताईने कप खाली ठेवला.

“तुझी परतीची बस कितीची आहे?” तिने विचारलं.

“पाच चाळीसची.”

“सव्वाचारचीही एक असते,” ताई अतिशय मायेने म्हणाली. “बसायला जागा मिळते तिच्यात.”

मिलिमीटरला क्षणभर लागलं. अगदी आत लागलं. मग त्याच्या लक्षात आलं, की खोली आपल्याला मिळाली असती तर पहिल्याच रविवारी, याच शब्दांत, हेच वाक्य आपण ताईला म्हणणार होतो. ते आपलं कधीचं तयार होतं. तो उठला, चपला घातल्या आणि सव्वाचारच्या बसला निघाला. जिना उतरून कोपऱ्यावर त्याने वळून बघितलं. ताई खिडकीत उभी होती. त्याने हात केला, पण तिचं लक्ष नव्हतं, आणि त्याने तिला हाक मारली नाही.